वरच्या थरातली दुसरी बाई

नागपूरच्या वायुवाचन केंद्रात उत्तरा काळमेघ अकरा वर्षं काम करत होती. सुरुवातीला केंद्राचं काम जंगलापुरतं होतं. ताडोब्यातल्या पाणवठ्यांशी छोटे पंखे आणि त्यांना कापसासारखी गाळणी लावून ठेवायची, आठवड्याने ती काढून आणायची आणि तिच्यात अडकलेल्या धुळीवरून तिथे कोण येऊन गेलं ते सांगायचं. वाघीण आली होती, सोबत दोन बछडे होते, रानकुत्री फिरकली नाहीत, असं. कुणाला वाघ दिसायची गरज नव्हती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की माणूसही प्राणीच आहे.

माणूस खोलीत नुसता बसून राहिला तरी तासाला त्वचेचे लाखो कण त्याच्या अंगावरून झडतात. बोलताना, खोकताना तुषार उडतात. या प्रत्येक कणात त्या माणसाच्या डीएनएचे तुकडे असतात. पंखा हवा ओढतो, गाळणी ते कण धरून ठेवते. पूर्वी हे तुकडे इतके बारीक आणि एकमेकांत मिसळलेले असत, की वाचताच येत नसत. २०४० साली केंद्राने बसवलेलं नवं यंत्र तीस अक्षरांचा तुकडाही वाचायचं आणि हजारो तुकडे जुळवून सांगायचं, की या खोलीत तीन माणसं होती, एक पुरुष, दोन बायका. त्यानंतर कोर्टातून जुन्या एसींच्या गाळण्या, जुने हवाशुद्धक यांचा ओघ सुरू झाला.

अशा कामात एक मोठी अडचण असते. तपासणाऱ्याच्या अंगावरचे कणही नमुन्यात पडतात. आणि नुसते त्याचेच नाहीत. ज्यांच्यासोबत तो राहतो त्यांचेही त्याच्या कपड्यांवरून, केसांतून येतात. म्हणून २०४१ मध्ये केंद्राने नियम केला, की प्रत्येक कर्मचाऱ्याने स्वतःच्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या थुंकीचा नमुना द्यायचा. यंत्र त्यांच्याशी जुळणारे सगळे तुकडे आधीच गाळून टाकायचं आणि उरलेल्यावरून निकाल द्यायचं.

उत्तराच्या घरात दोनच माणसं होती. ती आणि सरोज तिनईकर.

सरोज एकोणपन्नास वर्षांची, मूळची बेळगावकडची. प्रतापनगरला ती बायकांसाठी ड्रायव्हिंग क्लास चालवायची. स्वतः चालणाऱ्या गाड्या येऊन बरीच वर्षं झाली होती, पण नागपूरच्या गल्ल्यांत, गाई-म्हशी आणि उलट्या बाजूने येणाऱ्या स्कूटरींपुढे त्यांचं काही चालत नसे, त्यामुळे क्लास तेजीत होता. सात वर्षांपूर्वी उत्तरा तिच्याकडे शिकायला आली. सरोज कधी ओरडायची नाही. "ब्रेक," एवढंच म्हणायची, तेही समोरच्याने वळायच्या आधी. उत्तराचं लायसन्स झालं तरी दोघी दर रविवारी फुटाळा तलावावर भेटत राहिल्या आणि वर्षाने एका घरात राहू लागल्या. उत्तराचा अमरावतीचा भाऊ दोन वर्षं बोलला नाही, मग दिवाळीला स्वतःच घरी आला. सोसायटीत त्या 'लॅबवाल्या मॅडम' आणि 'गाडीवाल्या मॅडम' होत्या. यापेक्षा जास्त कुणी विचारलं नाही.

जानेवारीत उत्तराच्या टेबलावर एक हवाशुद्धक आला. आर्वीच्या यमुनाबाई खानझोडे या निवृत्त नर्सने तो सोळा वर्षं, चार पदरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर तारीख लिहून जपून ठेवला होता. त्यांची मुलगी चारुशीला पुण्यात एका खासगी कंपनीत रडारची इंजिनिअर होती. तिला दमा होता, म्हणून खोलीत हा हवाशुद्धक अखंड चालू असे. २०२७ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ती फ्लॅटमध्ये मृत सापडली. दम्याचा झटका, घरात एकटी, असं पोलिसांनी लिहिलं. पण तिचा लॅपटॉप आणि फोन सापडला नाही. आणि समोरच्या फ्लॅटमधली मीनल नावाची मैत्रीण, जिच्याबद्दल चारुशीला आईला दर आठवड्याला सांगायची, ती त्या दिवसापासून कुणाला दिसली नाही. यमुनाबाईंनी कोर्टाला एकच प्रश्न विचारला होता: माझी मुलगी गेली तेव्हा खोलीत दुसरं कोणी होतं का?

गाळणीवर धूळ थराथराने बसते. सगळ्यात वरचा थर म्हणजे शेवटचे काही तास. उत्तराने तो थर सोलून यंत्रात घातला. निकाल आला: एक व्यक्ती, स्त्री, मृत चारुशीला. ती सापडल्यावर आत आलेल्या माणसांचे तुकडे सोडले, तर दुसरं कोणी नाही.

एवढ्यावर सही करून फाइल मिटता आली असती. पण उत्तराला गाळलेल्या तुकड्यांची यादीही बघायची सवय होती. यादीत लिहिलं होतं: 'काळमेघ कुटुंब, सदस्य क्रमांक २. तुकडे: एकेचाळीस हजार.' तिच्या कपड्यांवरून सरोजचे दहा-वीस तुकडे येणं ठीक होतं. एकेचाळीस हजार येणं शक्य नव्हतं. आणि तिचे स्वतःचे तुकडे मात्र फक्त सहा होते.

डीएनएलाही वय असतं. ताज्या डीएनएचे तुकडे लांब असतात. वर्षं जातात तसे ते तुटत जातात आणि तुकड्यांच्या टोकांची अक्षरं बदलतात. सी हे अक्षर टी वाचलं जाऊ लागतं. जुन्या वहीची पानं आधी कडेलाच पिवळी पडतात, तसं. किती टोकं बदलली यावरून तुकडा कालचा की दहा-वीस वर्षांपूर्वीचा ते सांगता येतं. यंत्राला हे येत होतं, पण गाळलेल्या तुकड्यांचं वय बघायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. उत्तराने ते सांगितलं.

तिचे सहा तुकडे ताजे होते. सरोजचे एकेचाळीस हजार जुने, चारुशीलाच्या तुकड्यांइतकेच जुने.

तिने गणित पुन्हा करून पाहिलं. मग डबा न खाताच घरी गेली.

शनिवारची दुपार होती. सरोज गॅलरीत चटईवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. उत्तरा चप्पल न काढताच तिच्यासमोर उभी राहिली.

"सरोज, चारुशीला खानझोडे तुला माहीत होती?"

सरोजचा हात थांबला नाही. शेंग उकलली, दाणे ताटात पडले, टरफल बाजूला गेलं. उत्तराला नंतर कितीतरी दिवस तेच आठवत राहिलं. ज्याला काही माहीत नसतं, त्याचा हात अशा प्रश्नाने थांबतो.

"कुठून आलं हे नाव?"

"तिच्या घरातली गाळणी माझ्याकडे आली. वरच्या थरात तू आहेस."

"पण ते तर यंत्र गाळून टाकतं ना?"

बोलून गेल्यावर सरोजला कळलं आपण काय बोललो ते. तिने हातातली शेंग खाली ठेवली.

"यंत्र काय गाळतं ते तुला कसं माहीत?" उत्तराने विचारलं.

"बस आधी."

"नाही बसत. सांग."

सरोजने सांगितलं. अगदी सरळ, क्रमाने, जसं कुणाला रस्ता सांगावा तसं. फौजदाराची परीक्षा पास झाल्यावर तिला एका गुप्तचर खात्यात उचललं होतं. त्या खात्याचं नाव तिने आताही घेतलं नाही. पुण्यातल्या कंपनीतून रडारचे आराखडे बाहेर जात होते आणि संशय चारुशीलावर होता. सरोजला मीनल बनवून समोरच्या फ्लॅटमध्ये ठेवलं, शिकवण्या घेणारी बाई म्हणून. आठ महिने ती तिथे राहिली. दोनदा अहवाल दिला, की हिच्याकडे काही नाही. वरून हुकूम आला, लॅपटॉपची नक्कल काढ. त्या दिवशी चारुशीला ऑफिसातून लवकर परत आली आणि तिने मीनलला आपल्या लॅपटॉपसमोर बसलेलं पाहिलं.

"ती ओरडली, मग रडली. मग तिला झटका आला. पंप पर्समध्ये होता, तो संपलेला निघाला. मी फोन उचलला. ॲम्ब्युलन्सला नाही केला. साहेबांना केला. ते म्हणाले, लॅपटॉप आणि फोन घे, तू निघ, तिच्यासाठी गाडी मी पाठवतो. मी निघाले."

"आणि गाडी?"

"आली नाही. सकाळी कामवाली आली, तिला ती सापडली. दोन महिन्यांनी कळलं, आराखडे विकणारा तिसराच होता. मी दोन वर्षांनी खातं सोडलं."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती होईना.

"तिला तू आवडायचीस?" उत्तराने विचारलं.

"हो."

"आणि तुला ती?"

"आवडायची. म्हणून तर दोनदा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहायला हवं होतं."

"आणि मी? मला पण कुणी नेमून दिलं होतं का तुला?"

"नाही, उत्तरा. तू स्वतःहून शिकायला आलीस. तेव्हा मला खातं सोडून सात वर्षं झाली होती. तुझ्याबाबत मी काहीच ठरवून केलं नाही."

"थुंकी दिलीस ते?"

सरोजने टरफलं एका बाजूला सारली.

"ते ठरवून दिलं," ती म्हणाली. "तुझ्या नियमांची वही जेवणाच्या टेबलावर पडलेली असायची. मी वाचली. तुमच्याकडे जुन्या गाळण्या येतात ते माहीत होतं. ती आई स्वस्थ बसणारी नाही तेही माहीत होतं. यादीत नाव गेलं की माझे कण आपोआप निघून जाणार, हे कळलं आणि मी दिली थुंकी. तू किती खूश झाली होतीस. घरातलं माणूस म्हणून माझं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदाच आलं होतं."

उत्तरा आता बसली. खोटं नाव, खातं, पुण्याचा फ्लॅट हे सगळं तिच्या ओळखीच्या आधीचं होतं. ते कसंबसं गिळता आलं असतं. पण थुंकीची ती नळी तिने स्वतःच्या हाताने सरोजपुढे धरली होती, स्वयंपाकघरात, आणि नळीवर 'कुटुंब' असं ठळक अक्षरात लिहिलं होतं.

"माझ्या आड लपलीस तू," ती म्हणाली.

"हो."

जरा वेळाने सरोजच म्हणाली, "सोमवारी सही करायची आहे ना? यंत्राने दिलेला निकाल आहे. तू खोटं असं काहीच लिहीत नाहीस."

"हे कोण बोलतंय? सरोज, की ती मीनल?"

सरोजने मान खाली घातली. "मीनल," ती म्हणाली. "सवय आहे. तुला जे करायचं ते कर."

रविवार दोघींनी एकाच घरात, एकमेकींना वाट देत काढला. सोमवारी उत्तराने केंद्राचे प्रमुख डॉ. काझी यांच्यापुढे दोन कागद ठेवले. एकात लिहिलं होतं, की वरच्या थरात दुसऱ्या स्त्रीचे सोळा वर्षं जुने कण आहेत आणि ते यंत्राने चुकीने गाळले. दुसऱ्यात लिहिलं होतं, की ती स्त्री तिच्या घरात राहते, सबब हे प्रकरण तिच्याकडून काढून घेऊन दुसऱ्या राज्यातल्या केंद्राकडून पुन्हा तपासून घ्यावं.

काझींनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मॅडम, हे कुणाच्या कधी लक्षात आलं नसतं."

"माझ्या आलं ना सर."

"घरी काय म्हणतील?"

"घरी माहीत आहे."

सही केलेला कागद दुपारी कोर्टात गेला. उत्तराला चौकशी होईपर्यंत रजेवर पाठवण्यात आलं. संध्याकाळी सरोज म्हणाली, "मी न्यायाधीशांसमोर जबाब देणार आहे. पण त्याआधी आर्वीला जाते. त्या बाईला नोटिशीतून कळायला नको."

"मी पण येते," उत्तरा म्हणाली. का ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. मंगळवारी गाडी तिनेच चालवली.

यमुनाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. काटक, पांढरं पातळ नेसलेल्या, मनगटाला अजून नर्सचं जुनं काट्याचं घड्याळ. सरोजने दारातच नाव सांगितलं. खरं आणि मग खोटं, दोन्ही. बाईंनी तिला आपादमस्तक पाहिलं.

"माफी मागायला आली असशील, तर आल्या वाटेनं जा. सांगायला आली असशील, तर बस."

सरोज बसली. यमुनाबाई रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. चाळीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात काढलेली बाई. त्यांनी वॉर्डातल्यासारखे प्रश्न विचारले.

"झटका सुरू झाला तेव्हा किती वाजले होते?"

"पावणेसहा."

"तू निघालीस तेव्हा?"

"सहाला दहा कमी."

"पूर्ण वाक्य बोलत होती का तुटक?"

"तुटक. दोन-दोन शब्द."

"ओठ?"

"फिके. निळे नव्हते."

यमुनाबाईंनी डोळे मिटले. "निळे नव्हते," त्या म्हणाल्या. "म्हणजे तासभर तरी होता हातात. कोपऱ्यावर दवाखाना होता तिच्या. मी सोबत जाऊन बघून आले होते, तिनं फ्लॅट घेतला तेव्हा." मग विचारलं, "तुटक काय बोलली?"

"मला म्हणाली, खिडकी उघड."

"उघडली?"

"उघडली."

"हं."

यमुनाबाई उठल्या, आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा हातात पाण्याचा एकच पेला होता. तो त्यांनी उत्तरापुढे ठेवला.

"हे वाचलं ते तू ना बाई? सोळा वर्षं मला सगळे वेडीच म्हणून राहिले. तू पाणी पी." सरोजकडे न बघता त्या म्हणाल्या, "हिनं कोर्टात असंच सांगावं. वेळांसकट."

सरोजने तसंच सांगितलं, वेळांसकट. दुसऱ्या केंद्राचा अहवालही तेच म्हणाला. गुपित फोडल्याबद्दल खातं तिला दहा-चौदा वर्षं आत टाकेल, असं वकिलाने बजावलं होतं. झालं भलतंच. अशी कोणी व्यक्ती आमच्याकडे कधीच नव्हती, असं खात्याने कोर्टाला लेखी कळवलं. ती त्यांची नव्हतीच, तर तिने त्यांचं गुपित कसं फोडलं? तो आरोप लावताच येईना. साहेब कोण, तेही कधी बाहेर आलं नाही. उरली एकटी सरोज. लॅपटॉप आणि फोन नेला, पुरावा दडवला, मरणाऱ्या माणसाला टाकून गेली. तिने सगळं कबूल केलं. तिला चौदा महिन्यांची शिक्षा झाली.

केंद्रातही उलथापालथ झाली. गाळलेल्या तुकड्यांचं वय तपासल्याशिवाय ते टाकायचे नाहीत, असा नियम आला आणि जुने साडेतीन हजार निकाल पुन्हा उघडले गेले. त्यातले एकोणीस बदलले. एका प्रकरणात तपासनीसाचा स्वतःचा मेहुणाच वरच्या थरात निघाला. उत्तराला कामावर परत घेतलं, पण जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी लोक जरा जपूनच बोलायचे. आपल्या घरात कोण राहतं, असा प्रश्न त्या वर्षी अनेकांना पडला असावा.

घरी ती एकटी होती. पहिले चार महिने ती तुरुंगात भेटायला गेली नाही. तिचा राग खरा होता आणि तिला तो कुणासाठी आवरता घ्यायचा नव्हता. क्लासच्या बायका येऊन विचारायच्या, मॅडम कधी येणार? ती सांगायची, चौदा महिन्यांनी. मग एका सकाळी कपाट आवरताना तिच्या लक्षात आलं, की गेल्या चार महिन्यांत आपण मनातल्या मनात सरोजशी जेवढं भांडलो, तेवढं सात वर्षांत मिळून बोललो नव्हतो. हे भांडण समोरासमोर व्हायला हवं होतं.

ती तुरुंगाच्या भेटीच्या खिडकीवर गेली. फॉर्ममध्ये रकाना होता: 'कैद्याशी नाते'. तिने 'मैत्रीण' लिहिलं. खिडकीतल्या शिपाईबाईने फॉर्म परत केला.

"नातेवाईक लागतात ताई. आई, बहीण, नवरा."

"सात वर्षं एका घरात राहतो आम्ही."

"नोंदणी केलीय का? आता होते ना तुमची. सहजीवनाची."

कायदा होऊन तीन वर्षं झाली होती. उत्तराने एकदा विषय काढला होता, तेव्हा सरोजने हसून टाळलं होतं. 'कागद कशाला हवा?' उत्तराला तेव्हा ते प्रेमाचं बोलणं वाटलं होतं. दुसऱ्यांदाही तिला परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला वकिलाने अर्ज केला, तेव्हा पंधरा मिनिटं मिळाली.

जाळीपलीकडे सरोज बारीक झाली होती. उत्तराने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"सुटल्यावर नोंदणी करायची," ती म्हणाली. "मी सगळं विसरले म्हणून नाही. विसरले नाहीच. पण मला तुझ्याशी भांडायला यायचं असलं तरी इथे कागद लागतो."

"विचार कर," सरोज म्हणाली.

"तो करूनच आले. पुढच्या वेळी यादी घेऊन येणार आहे. जे जे विचारायचं राहिलंय त्याची. टाळलंस तर उठून जाईन."

"टाळणार नाही."

तिने टाळलं नाही. काही उत्तरं ऐकून उत्तरा मधेच उठून गेली, पण पुढच्या महिन्यात पुन्हा आली.

सरोज मे महिन्यात सुटली. जूनमध्ये दोघी सिव्हिल लाइन्सच्या नोंदणी कार्यालयात गेल्या. सकाळचे अकरा वाजले होते, पंखे गरगरत होते, मागे बारा-पंधरा जोडपी होती. साक्षीला अमरावतीहून भाऊ आणि वहिनी आले होते. कारकुनाने दोघींपुढे एकेक फॉर्म सरकवला. उत्तराचा पाच मिनिटांत झाला. सरोज सातव्या रकान्याशी अडकली. तिथे छापलं होतं: 'यापूर्वी वापरलेली अन्य नावे, असल्यास.'

लग्नाआधीचं आडनाव लिहायची ती जागा. बोटभर ओळ.

"काही नसेल तर रेघ मारा," कारकून म्हणाला.

सरोजने पेन उचललं. एकदा उत्तराकडे पाहिलं. उत्तराने काहीच खूण केली नाही.

"जागा पुरणार नाही," सरोज कारकुनाला म्हणाली. "वेगळा कागद मिळेल?"

कारकुनाने वर पाहिलं, खणातून एक कोरा कागद काढून दिला. सरोज लिहू लागली. एकाखाली एक अशी सहा नावं, प्रत्येकापुढे गाव आणि वर्ष. खाली सही करून तिने कागद पुढे केला.

"माझ्याकडे नाही," कारकून म्हणाला. "जोडलेल्या कागदावर जोडीदाराने वाचून सही करायची असते."

कागद उत्तराकडे आला. सहापैकी एक नाव तिला माहीत होतं. उरलेली पाच ती पहिल्यांदाच वाचत होती.

"ही कोण?" तिने पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"गोंदियाला होती. शिवणकाम शिकवायची."

"चांगली शिकवायची?"

"बरी."

"आणि ही?"

मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. भावाने घड्याळ पाहिलं. उत्तराने खुर्ची जरा पुढे ओढून घेतली आणि कागद टेबलावर सपाट केला.

"थांबतील ते," ती म्हणाली. "ही कोण, सांग."